नारळाच्या नाकावर नानांचा चष्मा

चष्म्याचं दुकान म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या नाकाशी आणि कानाशी धंदा. काच बसवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे ती फ्रेम त्या माणसाच्या तोंडावर बसवणं, आणि तोंडं देवानं काही फुटपट्टी लावून केलेली नसतात. एक कान वर, एक खाली, नाक भलतीकडेच कललेलं. मग फ्रेमची काडी गरम वाळूत धरायची, मऊ झाली की कानामागे हवा तेवढा बाक द्यायचा, घालून बघायची, पुन्हा काढायची. हे करताना गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट जातं, गालाला हात लागतो. नव्वदच्या सुमाराला सुरतेत नवागामला मी दुकान टाकलं तेव्हा मला ह्याच गोष्टीची धास्ती होती. मी बाईमाणूस, समोर कापडाच्या लूमवरून, यंत्रमागावरून, सुटून आलेला परका गडी, आणि माझा हात त्याच्या कानामागे!

म्हणून पहिल्या दिवसापासून मी नेम केला की आधी विचारायचं. "भाऊ, हात लावू का?" ज्या सुरती काकांकडे मी हे काम शिकले ते ह्यावर हसायचे. डॉक्टर कधी विचारतो का, म्हणायचे. मी म्हणायचे, डॉक्टरला लोक घाबरतात, मला कोण घाबरतंय? एक गडी तर माझा प्रश्न ऐकून लाजून लाल झाला, "विचारून सांगतो" म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन हजर. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर बघितलं, आणि म्हणाली, "लावा. पण एकाच कानावर भागत असेल तर बघा."

आम्ही धुळ्याकडचे. घरात अहिराणी, दुकानात मराठी, बाजारात गुजराती आणि भांडण काढायचं असलं की हिंदी. माझं भांडण जास्त करून एकाच गोष्टीवरून व्हायचं. दुकानात कुणी चष्मा काढून काउंटरवर ठेवला की शेजारी उभा असलेला माणूस तो उचलून स्वतःच्या डोळ्याला लावायचाच. लावायचा, "बापरे, केवढा नंबर" म्हणायचा, आणि वर त्या चष्मेवाल्यासमोर बोटं नाचवून विचारायचा, किती दिसतात सांग. काय मजा वाटते लोकांना, मला आजवर कळलेलं नाही. एकदा एका टगेश्वरानं एका शाळामास्तरांच्या चष्म्याशी हा खेळ मांडला. त्याच्या शर्टाच्या खिशातून कंगवा डोकावत होता, तो मी काढला, माझ्या तेलकट केसांतून दोनदा फिरवला आणि परत खोचला. तो बघतच राहिला. "काय झालं? एवढं वाईट का वाटून घेता, कंगवाच तर आहे," मी म्हटलं. नंतर तो दुकानात यायचा तेव्हा हात मागे बांधून उभा राहायचा.

आणि ती बीडकडची पोरं. नवागामात तेव्हा एका खोलीत कितीतरी जण राहायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणात रातपाळीचा आडवा व्हायचा, चादरसुद्धा गार व्हायला सवड नसे. तर ह्या पोरांनी चष्माही तसाच पाळीवर लावला होता. खोलीचा चष्मा! मूळ कुणाचा होता ते त्यांनाही आठवत नव्हतं. सगळ्यांची डोकी दुखायला लागली तेव्हा अख्खी खोली माझ्याकडे आली आणि त्यांच्यातला जाणता म्हणाला, "ताई, सगळ्यांचे नंबर तपासा आणि सगळ्यांना चालंल असा मधला नंबर काढून द्या." मी कपाळाला हात लावला. दोन बुबुळांमधलं अंतरसुद्धा माणसागणिक वेगळं असतं, काचेचा मध्य तिथेच यावा लागतो, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. ती तशी गुणी पोरं होती. फक्त एखादी वस्तू एकाच माणसाची असू शकते, ही कल्पना त्यांच्या खोलीत मावत नव्हती.

हे सगळं खरं तर बुधा नानांची गोष्ट सांगायची म्हणून सांगतेय.

बुधा नाना माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहायचे. शिरपूरकडचे. इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला असताना अंगावर सळ्यांची मोळी आली आणि एक पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून दोन लाकडी कुबड्या. चष्माही जाड, तो काढला तर हातभर अंतरावरचा माणूसही ओळखू येत नसे. घरात मुलगा भटू, तो लूमवर कारागीर, आणि सून सुरेखा. दोघंही जीव लावणारी. नानांचं पथ्यपाणी, अंघोळीचं गरम पाणी, कशात म्हणून कमी नाही.

पण कुबड्या! त्या गल्लीच्या मालकीच्या झाल्या होत्या. नाना ओट्यावर बसले की शेजारी टेकवलेली कुबडी कुणीही उचलायचं. पत्र्यावर अडकलेला पतंग काढायला कुबडी. वरच्या तारेवरचं लुगडं उतरवायला कुबडी. कुत्रं हाकलायला, गटार तुंबलं तर डिवचायला कुबडीच. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत तर नाना सकाळी ओट्यावर बसले की दुपारपर्यंत तिथेच, कारण कुबड्या पतंगांच्या मागे. लोक परत आणून द्यायचे, नाही असं नाही. "नाना, ही घ्या तुमची," म्हणून वर पाठीवर थाप. चष्म्याचं तेच. जनामावशी म्हणून गल्लीतल्या एक जाणत्या बाई होत्या, त्या लग्नपत्रिका वाचायला नानांच्या नाकावरून चष्मा उतरवून घ्यायच्या. त्यांना त्यातून काडीचं दिसत नसे, पण चष्मा लावला की वाचल्यासारखं वाटतं, म्हणायच्या. नाना आपले हसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, अहो बोला की. ते म्हणाले, बसून खातो मी, बेन. बसून खाणाऱ्यानं कुणाकुणाला बोलायचं?

मला ते फार लागलं. त्या माणसाला काम हवं होतं, नुसतं काम. माझं एक गिऱ्हाईक म्हणजे एक गुजराती शेठ, सुरतेबाहेर सचिन गावाला त्यांचा नवा कारखाना उभा राहत होता, दसऱ्याला मुहूर्त. गेटवर बसायला खात्रीचा माणूस हवा, असं ते बोलता बोलता म्हणाले आणि मी नानांचं नाव सुचवलं. पाय नाही हेही सांगितलं. शेठनी थोडा विचार केला आणि एकच विचारलं, "एकलो आवी शके ने?" म्हणजे एकटा येऊ शकेल ना. रोज कुणी आणून सोडायला लागणार असेल तर नको, म्हणाले. नवमीच्या दिवशी दुपारी ते कारखान्यावर असणार होते, तेव्हा पाठवा, बघतो, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. नवमीच्या दोन दिवस आधी दुकानात येऊन त्याची काडी घट्ट करून घेऊन गेले.

आता नवमी म्हणजे खंडेनवमी. आयुधांची पूजा. मीही माझे पेचकस, पक्कड आणि नंबर तपासायच्या काचांची पेटी धुऊनपुसून हळद-कुंकू वाहून मांडली होती आणि शटर अर्धं ओढून बसले होते. पूजेतली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाही, हा आमच्याकडचा नेम. तेवढ्यात सुरेखा आली. नवं लुगडं, केसात झेंडू, तोंड हसरं.

"ताई, आजच्यापुरता एखादा चष्मा द्या ना. नानांना सचिनला जायचंय."

"त्यांचा काय झाला?"

"तो पूजेत आहे."

आणि जाणार कसे, हे मी विचारलं. ती म्हणाली, कुबड्या पण पूजेतच आहेत, पण काळजी नको, ह्यांनी मोटारसायकल मागून आणलीय, उचलून बसवतील आणि तिथेही उचलूनच आत नेतील. बिचारीला वाटत होतं, सगळी सोय झाली.

मी शटर ओढलं आणि तशीच निघाले. घरात पाऊल टाकलं आणि हसावं की रडावं कळेना. भिंतीशी पाट. पाटावर भटूचा लूमवरचा धोटा, सुरेखाची कातर, शिवणयंत्राचं पायडल, विळी, इस्त्री. मागे भिंतीला दोन्ही कुबड्या नवरा-नवरीसारख्या उभ्या, गळ्यात झेंडूच्या माळा. आणि मधोमध कलशावर नारळ, नारळाच्या नाकावर नानांचा चष्मा. दोन्ही काचांच्या बरोब्बर मध्ये कुंकवाची बोटं. नारळाला डोळे असतात म्हणून तिथे शोभला, असं सुरेखाचं म्हणणं. नारळ माझ्याकडे असा रोखून बघत होता की मीच पदर सावरला.

आणि खाटेवर नाना. धुतलेला सदरा, टोपी, भांग पाडलेला. जायला तयार बसलेले, आणि नजर कुठेतरी भिंतीवर, कारण त्यांना भिंतसुद्धा नीट दिसत नव्हती. न्हाणीत होते तेवढ्या वेळात सगळं पूजेला लागलं होतं. बाहेर आले ते भटूच्या खांद्यावरून.

मी भटूला शेठचं बोलणं सांगितलं. एकटा येणार असेल तरच, असं म्हणालेत ते. भटू गोंधळला. जनामावशी तिथेच बसल्या होत्या, त्यांनी ठणकावून सांगितलं की मांडलेली आयुधं हलवली तर वर्षभर घरात बरकत नाही, आणि नवमीला तर नाहीच नाही. दारात माणसं जमली. जो तो नानांची समजूत घालत होता. नाना, अहो हा तुमचा मान आहे. नाना, देवानंतर तुमच्याच कुबड्या. कुणी म्हणे रिक्षा आणतो, कुणी म्हणे पाठुंगळी घेतो. सगळे इतके प्रेमानं बोलत होते की रागावायलाही जागा नव्हती.

नाना एवढंच म्हणाले, "माले कोनी इचारं का?"

मला कुणी विचारलं का. इतक्या हळू म्हणाले, तरी दारापर्यंत ऐकू गेलं. सुरेखाचा चेहरा उतरला. भटूला वाईट वाटलं, तो खाटेशी उकिडवा बसला आणि मनापासून म्हणाला, "नाना, कुबड्यांचं काय घेऊन बसले? मी आहे ना. मीच तुमचा पाय समजा."

नानांनी मान वळवली. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी त्यांनी त्याच्या आवाजावर नेमकी नजर लावली. "खरं म्हणतो?"

"खरंच."

"मग तुझी पूजा राहिली की. दिवसभर लूमवर कशावर उभा राहतो तू? ते आयुध नाही का? सुरेखा, ह्याचे पाय धू. पाटाशी बसव. हळद-कुंकू वाहा."

लोक हसले, भटूही हसला. बापाचा राग असा हसण्यावारी जात असेल तर बरंच, असं त्याला वाटलं असणार. तो पाटाशी पाय पसरून बसला. सुरेखानं लाजत लाजत नवऱ्याच्या पायांवर हळद-कुंकू वाहिलं, अंगठ्यांवर एकेक झेंडू ठेवला. नाना जनामावशींना म्हणाले, मावशी, नेम काय तो सांगा. मावशी नेमाच्या बाबतीत बापालाही सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की पूजा झाली, आता सकाळपर्यंत हलायचं नाही.

मी चहा ठेवायला सांगितलं. मुद्दामच. भटूनं सणाचा म्हणून दोनदा घेतला, बसल्या बसल्या गप्पा हाणल्या. मग गप्पा कमी झाल्या. मग तो डाव्या कुल्ल्यावरून उजव्यावर आला. संडास गल्लीच्या पार टोकाला, सगळ्या गल्लीत तेवढाच एक.

"नाना, जरा जाऊन येतो."

"हलायचं नाही, बाळा. पण काळजी कशाला? माणसं आहेत ना. उचलून नेतील."

दारात ती बीडकडची पोरं उभीच होती. मदतीला एका पायावर तयार. भटू नको नको म्हणतोय तोवर दोघांनी त्याला काखेतून आणि मांडीखालून धरून उचललासुद्धा. काय ती मिरवणूक! हळदीनं माखलेले पाय पुढे, मागे लेकरांची फौज, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायका तोंडाला पदर लावून बघतायत. एक आजी तर कुणाला काय झालं म्हणून उठून उभी राहिली. भटू ओरडत होता, अरे सोडा, मला चालता येतं, आणि पोरं म्हणत होती, असू द्या दादा, त्यात काय लाजायचं. कुणीतरी वाटेत त्याच्या पाठीवर थापही मारली.

परत आला तो चालत आला. तोंड लालबुंद. हसायला तयार असलेले लोक त्याच्याकडे बघून हसायचे थांबले. तो दारात उभा राहून बापाकडे बघत राहिला. मला वाटतं, उत्तरायणाचा एकेक दिवस त्याला तेव्हा आठवत असावा. त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

पुढे झाली ती सुरेखा. नवऱ्याकडे न बघता, मावशींकडे न बघता, ती खाटेसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, कुबड्या उचलू का?"

नाना म्हणाले, "काय? ऐकू नाही आलं."

त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. पण कितीतरी वर्षांनी कुणी विचारत होतं, एका वेळात कसं भागेल? सुरेखानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. नानांनी सावकाश टोपी नीट केली आणि मग हो म्हणाले. मावशींनी बरकतीचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले की धोटा कारखान्याचा, कातर घराची, त्यांना हवं तेवढं बसवा. ह्या दोन माझ्या, आणि मी चाललो. मावशी पुटपुटल्या, पण माळा त्यांनीच काढून दिल्या.

नारळाच्या नाकावरचा चष्मा उतरवायला मी पुढे झाले. "नाना, धुऊन देऊ का?" ते म्हणाले, द्या. कुंकू कोरडं पुसलं तर काचेला ओरखडे पडतात, हे घराघरांत सांगून ठेवण्यासारखं आहे. आधी पाण्याखाली धरायचा, मग साबणाचं बोट, मग मऊ सुती कापड. चष्मा डोळ्याला लागल्यावर नानांनी पहिल्यांदा भटूच्या पायांकडे बघितलं. "पाय धू," म्हणाले, "नवी चादर खराब होईल."

नाक्यापर्यंत कुणी त्यांच्या मागे गेलं नाही. जायचा मोह सगळ्यांना होत होता. शटल रिक्षा आली, नाना चढले, कुबड्या स्वतःच आडव्या घेतल्या, आणि गेले. ती दुपार मी दुकानात कशी काढली माझी मला ठाऊक. उशीर झाला होता, शेठ निघून गेले असतील, दुसरा माणूस लावला असेल, सगळं वाईटसाईट मनात येत होतं. दिवेलागणीला शटरखालून कुबड्यांची टोकं दिसली. नाना खाली वाकले नाहीत, बाहेरूनच म्हणाले, "बेन, उद्यापासून."

काही दिवसांनी शेठचा नवा चष्मा तयार झाला. तो द्यायला मी सचिनला निघाले तर रिक्षात भटू भेटला, बापाचा डबा घेऊन चाललेला. नाना घाईत विसरले होते. दोघं गेटवर पोचलो. नाना खाकी सदऱ्यात स्टुलावर, मागे भिंतीला कुबड्या, आणि आसपास चिटपाखरू नाही. भटू सरळ आत शिरायला गेला.

"कुणाकडे?" नाना म्हणाले.

"नाना, मी."

"ते दिसतंय मला. काम कुणाकडे?"

"तुमचा डबा आणलाय."

"थांब. इथे विचारल्याशिवाय कुणी आत येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हीही थांबा बेन, नियम म्हणजे नियम. त्यांनी कुबड्या घेतल्या आणि ऑफिसकडे निघाले. आवार चांगलं लांबलचक होतं, वर ऊन रणरणत होतं. भटूचं एक पाऊल आपसूक पुढे पडलं. मग त्यानं ते मागे घेतलं आणि डबा दोन्ही हातांनी धरला.

नाना गेले तसेच सावकाश परत आले. कपाळावर घाम, चष्मा नाकावर खाली घसरलेला. श्वास घेतला, चष्मा वर सरकवला.

"बेन, शेठ म्हणतात, आत या." मग मुलाकडे बघितलं. "तुझं विचारायचं राहिलं. थांब, पुन्हा जाऊन येतो."

आणि वळले.

भटू म्हणाला, "जाऊन या नाना. मी आहे उभा."